आईच्या चुलीची रेघ

आधीच सांगून टाकते... भुताखेतांच्या गप्पांची सगळ्यात जास्त टिंगल कुणी केली असेल तर ती मी. चिंचेखालच्या बाईची गोष्ट कुणी सुरू केली की मी विचारायचे, "हवेत तिचं प्रमाण, पीपीएम, किती भरलं?" आता मीच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्ही हसलात तरी हरकत नाही.

माझं काम हवा मोजण्याचं. जळगावात आमची छोटी प्रयोगशाळा आहे. डाळमिलच्या आसपास, चौकात, शेताच्या बांधावर आम्ही सेन्सरची खोकी लावतो... डब्याएवढी, पांढरी. हवेतली धूळ, कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, जे असेल त्याची रेघ कॉम्प्युटरवर उमटत राहते. मध्यंतरी चुलीच्या धुराचा अभ्यास निघाला आणि गावातली स्वयंपाकघरं हवी होती. म्हटलं, लांब कशाला जायचं, आमच्या आईचंच घ्या की! शिंदखेड्याच्या पुढे आमचं गाव. घरात गॅस होता, पण बाईसाहेब ऐकतील तर ना. भाकर चुलीवरची, आणि भरताची वांगी भाजायची ती कपाशीच्या काड्यांवरच. नाहीतर तिच्या लेखी ते भरीतच नाही.

खोकं लागलं आणि मला नादच लागला. आईची रेघ सगळ्यांपेक्षा वेगळी. आधी एक छोटा उंचवटा यायचा, कारण काड्या पेटल्या की ती त्या जरा मागे ओढून आधी वांग्यांना तेल लावून घ्यायची. मग मोठा डोंगर, म्हणजे वांगी भाजतायत. मग रेघ खाली, आणि शेवटी एक टेंगूळ. ते टेंगूळ म्हणजे आबांचा चहा. विस्तव वाया जायला नको म्हणून उरलेल्या निखाऱ्यांवर चार काड्या सारून ती चहा मांडायची. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तो चहा घेतल्याशिवाय दुपारची झोप यायची नाही.

मी जळगावातून फोन करायचे, "आई, आज भरीत का?" ती आधी चिडायची. "तुले जळगावले बसीसन मन्हा चुल्हा दिखस? दुसरं काम नई शे का वं तुले?" पण पुढे तिलाच गंमत वाटायला लागली. चहा उतरवला की स्वतःहून फोन... "च्या दिखना का?" मी म्हणायचे, "दिखना!" म्हणजे दिसला. आमचं बोलणं एवढंच, पण दोघींचा दिवस बरा जायचा.

पावसाळ्यात आई गेली, झोपेतच. चूल पेटेनाशी झाली, तसं आमच्या प्रयोगशाळेतल्या पंकजभाऊंनी जाऊन खोकं काढून आणलं. माझ्याच्याने ते झालं नसतं. आबांना मी जळगावला चला म्हणून किती विनवलं! नाही म्हणजे नाही. खाट उचलून स्वयंपाकघरात नेली आणि तिथेच झोपायला लागले. म्हणाले, "तठेच झोप लागस."

मग थंडी आली. ती दुपार मला अजून स्वच्छ आठवते. परत आलेली खोकी आम्ही जुना डेटा पुसून एकाच टेबलावर ओळीने ठेवतो. हवा एकच, म्हणजे सगळ्यांच्या रेघा सारख्याच यायला हव्यात. त्या दिवशी त्या ओळीत आईकडचं खोकंही होतं. मी चहा पीत होते.

"ताई, तुमचं खोकं येडं झालं बघा," पंकजभाऊ हसत म्हणाले.

बाकीच्या रेघा सपाट होत्या आणि या एकाची कार्बन मोनॉक्साइडची रेघ वर आलेली. छोटा उंचवटा. मग खाली. मग डोंगर.

मी कप खाली ठेवला. काय सांगू... आधी भीती वाटलीच नाही. इतकं भरून आलं की पंकजभाऊ म्हणाले, "बंद करू का?" मी म्हटलं, "थांबा ना. आता चहा येईल."

चहा आला नाही. रेघ उतरायच्या ऐवजी चढतच गेली... आईची रेघ कधीच अशी चढली नव्हती. शेजारची खोकी तशीच गप्प. आणि मला एकदम आठवलं, त्या स्वयंपाकघरात आता कोण झोपतं. आबा!

फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला, तेच. मग शेजारच्या निंबाभाऊंना लावला. ते खळ्यात होते, तिथे त्यांची भरीत पार्टी चाललेली. म्हणाले, "आबा तर तासाभरापूर्वीच इथून घरी गेले. हुडहुडी भरलीय म्हणत होते, ताटावरही बसले नाहीत." मी ओरडलेच, "भाऊ, पळा! दार उघडा आधी!" बिचारे भरताच्या हातानेच पळाले.

झालं होतं ते असं. आबांच्या अंगात कणकण होती, मला कळवलं नव्हतं. जाताना त्यांनी वांगी भाजून उरलेले निखारे घमेल्यात भरून घेतले, स्वयंपाकघरात खाटेखाली ठेवले आणि वारा नको म्हणून दार-खिडकी घट्ट लावून घेतली. निखाऱ्यांना धूर नव्हता. आणि आमच्याकडे धूर नाही म्हणजे धोका नाही, हे पक्कं. पण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस झोपतो आणि उठत नाही. निंबाभाऊंनी त्यांना अंगणात ओढलं तेव्हा हाका मारूनही ते डोळे उघडत नव्हते. धुळ्याच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर...

मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. मी रडत रडत रागावले, "लेक हवा मोजते आणि बाप कोंडून घेतो!" तर मलाच म्हणतात, "धूरच नव्हता वं माय."

मग मी सगळं सांगितलं. रेघ, उंचवटा, न आलेला चहा. आबा म्हणाले, "तिले माहीत व्हतं. मी च्या पिल्याबिगर निजत नई."

पुढे आम्ही खोकं उघडून तपासलं. जुना डेटा नव्हता, वायर ठीक, सेन्सरही ठीक. आमच्या साहेबांच्या मते बिघाडच असणार. असेल बाबा! पण बिघाडाला आईच्या हाताची सवय कुठून माहीत, आणि तो त्याच दुपारी कसा आला? रिपोर्टात "सदोष" लिहून मी सही केली आणि ते भंगारात जाणार होतं, ते मागून घेतलं.

आता ते आबांच्या कोनाड्यात असतं. वायर नाही, वीज नाही. आबा रोज फडक्याने पुसतात. अंगणात, उघड्यावर तीन दगड मांडलेत, तिथे ते स्वतः काड्या पेटवून चहा करतात. आयुष्यात कधी चूल न पेटवलेला माणूस! आणि चहा उतरला की मला फोन येतो.

"च्या मांडा व्हता. दिखना का?"

माझ्यासमोर स्क्रीनवर काहीच नसतं.

"दिखना, आबा," मी म्हणते.