ढगावरचे कांदे आणि रुखवताच्या कुरडया

आमच्या घरातल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनाची गोडी लागली आणि त्यामुळे माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं आहे. (तितकं काही झालं नव्हतं. लग्न शाबूत होतं, फक्त रुखवत मोडलं!)

मुग्धाचं लग्न मेअखेरीस होतं. मी हळदीपासून हॉलच्या वीजजोडणीपर्यंत सगळ्याच्या याद्या करून फ्रिजवर लावल्या होत्या. फ्रिजचं दार उघडलं की वाऱ्याने माझं अख्खं नियोजन फडफडायचं. त्यात एक कलम सासूबाईंचं होतं : रुखवतासाठी रंगीत कुरडया. सासूबाई मूळच्या कळवणच्या. विकतची कुरडई रुखवतात मांडणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने उसनी नवरी मांडवात उभी करणं! त्यांनी गहू भिजत घातला, चीक शिजवला आणि दुखऱ्या खांद्याने सोऱ्या फिरवून गच्चीवर गुलाबी, हिरव्या, पिवळ्या कुरडयांची रांगोळीच घातली. "विहीणबाईंनी बघत राहिलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

आणि माझ्या यादीतलं दुसरं कलम होतं, माझ्या धाकट्या दिराची मुलं. दहा वर्षांची आर्या आणि आठ वर्षांचा ओम. दोघं सुट्टीला आली होती आणि सकाळपासून मोबाइलमध्ये तोंड घालून बसत होती. "वहिनी, यांना जरा वाचायला लावा," असं सांगून दीर-जाऊ आपल्या नोकऱ्यांना निघून गेले होते.

आता कुरडयांना राखण हवी आणि मुलांना वाचन हवं. मी दोन्ही कलमांना एक बाण जोडला. मुलांनी गच्चीवर बसून राखण करायची, आणि राखण करता करता वाचायचं!

"काकू, गच्चीवर वायफाय येत नाही," ओम म्हणाला.

"माहितीये."

"आणि उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही," आर्या म्हणाली.

"तेही माहितीये," मी म्हणाले. (योजना म्हणतात ती ही!)

पाण्याच्या टाकीला जुनी साडी बांधून सावली केली, सतरंजी टाकली, माठ ठेवला, कावळ्यांसाठी काठी दिली आणि ह्यांनी कधीतरी रद्दीवाल्याकडून आणलेलं, कव्हर नसलेलं एक जाडजूड पुस्तक मुलांच्या हातात ठेवलं. पहिला अर्धा तास वरून "काकू, बोअर होतंय" एवढंच ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. दुपार झाली, पाथर्डी फाट्याच्या रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा झोपाळले, आणि वरून अगदी चिडीचूप. मी फ्रिजवरच्या यादीत वाचनापुढे बरोबरची खूण केली.

जेवायला हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा मारल्या. पुन्हा नाही.

"अहो, जरा बघून या," मी ह्यांना म्हटलं. हे बनियनवरच वर गेले.

आणि गेले ते गेलेच!

वरणाला साय धरली. सासूबाई ताटावरून ओरडल्या, "सुनंदा, वर कुनी हाय का नाय? का समदे उडून गेले?"

"आणते धरून," म्हणत मी पदर खोचून जिना चढले. तिघांना काय काय बोलायचं, तेही क्रमवार ठरवलं होतं.

वर पाहते तर साडीच्या निळ्या सावलीत तिघं उताणे पडलेले. साडी वाऱ्याने फुगत होती, बसत होती. पलीकडे पांडवलेण्याचा डोंगर उन्हात धुरकट झाला होता. शेजारचा आंबा गच्चीवर ओणवला होता. हे मोठ्याने वाचत होते आणि मुलं आभाळाकडे बघत होती.

"जेवायचं नाही का?" मी खेकसले.

"श्शू!" तिघं एकदम म्हणाले.

"काकू, एक म्हातारा ढगावर कांदे लावतो," ओम कुजबुजला. "तो ढग ज्या गावावरून जातो ना, तिथल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांना कळतच नाही का ते!"

"कांदे ढगावर? पाणी कसं देतो तो?" मी विचारलं. (लासलगावला माहेर आहे माझं. कांद्याचं कोणी काही सांगितलं की मी गप्प बसू शकत नाही.)

"ढगच आहे ना तो!" आर्या म्हणाली. "पाण्यावरच बसलाय."

मी सतरंजीच्या कडेला टेकले. फक्त पान संपेपर्यंत. पण हे वाचतात ते लाइटबिल वाचल्यासारखं! शेवटी मी पुस्तक ओढून घेतलं. गोष्टीतल्या मुलीची शेळी कांद्याच्या वासाने दोर चढून ढगावर गेली होती आणि ढग समुद्राकडे निघाला होता. शेळीसाठी ती मुलगी दोराच्या टोकाला लोंबकळत होती. अशा वेळी वरणभात कोणाला सुचेल?

मी वाचत राहिले. ढग घाट उतरला. खाली दिवे लागले. इतक्यात कानाशी आवाज आला, कुरुम, कुरुम.

"ओम, कुरडई ठेव खाली," मी मान वर न करता म्हटलं.

"मी नाही काकू."

"आर्या?"

"मी पण नाही."

"अहो, निदान तुम्ही तरी!"

"मी झोपलोय," हे म्हणाले.

कुरुम, कुरुम, कुरुम.

"कोणी का असेना, हळू खा," मी म्हटलं. "शेळीचं महत्त्वाचं चाललंय."

आवाज खरंच हळू झाला. मला बरं वाटलं. या घरात माझं कोणीतरी ऐकतं! मी पान उलटलं. मुलीच्या हातातून दोर सुटत होता...

"सुनंदा," जिन्याच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला. अगदी शांत. "तुझ्या उजव्या अंगाला कोन बसलंय?"

"कोण म्हणजे? हे."

"मी डावीकडे आहे," हे म्हणाले.

मी वळून पाहिलं. एक काळ्या तोंडाचं भलंमोठं वानर माझ्याशेजारी मांडी ठोकून, हातात गुलाबी कुरडई धरून पुस्तकात बघत होतं!

मी किंचाळले. मुलं किंचाळली. सगळ्यात जास्त हे किंचाळले. कठड्यावर बसलेलं वानराचं उरलेलं कुटुंब हिरव्या-पिवळ्या कुरडया घेऊन आंब्यावर गेलं. माझ्या शेजारचं मात्र सावकाश उठलं, माझ्याकडे "काय हा गोंधळ!" अशा नजरेने पाहिलं आणि मग निघालं. कापडावर उरला होता नुसता चुरा आणि तीन रंगांचे डाग.

सासूबाई त्या कापडापाशी बसल्या. एक हात दुखऱ्या खांद्यावर होता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"आई, चुकलंच," मी म्हटलं. "पण तुम्ही आल्या आल्या हाक का नाही मारलीत? कधी आलात वर?"

त्या चुरा ओंजळीत गोळा करू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "शेळी दोर चढली तवा."

म्हणजे चांगली पाच-सहा पानं!

"आजी, तुला वानर दिसलं नाही?" ओमने विचारलं.

"दिसलं रं. मला वाटलं, आपलंच कुनीतरी हाय." आणि मग, "पडली का वं ती पोर?"

त्याच संध्याकाळी मी पुन्हा गहू भिजत घातला. या वेळी सोऱ्या मी फिरवला आणि राखणीला मी एकटी बसले, काठीसह, पुस्तकाशिवाय. मुलांना हाक मारली तर खालून उत्तर आलं, "काकू, आम्ही वाचतोय!" सासूबाई मधे आणि दोन्ही बाजूंना दोघं, दिवाणावर. ज्यांना वाचायला लावायचं ते वाचत होते, आणि जिने लावलं ती कावळे हाकत होती.

राखणीच्या तिसऱ्या दुपारी ते वानर आलं. एकटंच. कठड्यावर बसलं. मी काठी उचलली. पण कुरडयांकडे त्याने पाहिलंही नाही. माझ्या हातांकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं, आणि आभाळातल्या एका चुकार ढगाकडे बघत बसून राहिलं. माझ्याही डोळ्यांत उगाच पाणी आलं.

मी काठी खाली ठेवली आणि जिन्यात वाकून म्हटलं, "ओम, पुस्तक वर आण. एकच पान वाचते."

लग्नात रुखवताच्या टेबलावर मधोमध उरलेल्या नऊ कुरडया मांडल्या होत्या. विहीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती मोजकं आणि देखणं! तुमच्याकडे नियोजन करणारं कोणीतरी आहे हं!"

"आहे ना," सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "समदं यादी करूनच करती ती."