लाइन कशाची, ते आधी सांगा

मशीन सांगत होतं, चार हजार सहाशे चाळीस मीटरवर लाइन तुटलीय. रफिकभाईंनी दोनदा टेस्ट घेतली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा घेतली. आकडा तोच.

"भाभी, वस्ती के पासइच कटी है," ते म्हणाले.

शुक्रवार होता. पीक विमा भरायची शेवटची तारीख मंगळवारी. आणि माझ्या शब्दावर अख्ख्या गावानं बिडकीनला रांगेत उभं राहायला जायचं बंद केलेलं.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई तारा कशाला तपासतीय. शहरातल्या उस्मानपुऱ्यात आमच्या ह्यांचा केबल टीव्हीचा धंदा होता. ते गेले तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की पाऊस आला की चॅनल जातात आणि लोक फोन करतात. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्यांदा बसून. पण रफिकभाई ह्यांच्या काळापासून आमच्याकडं जोडणीचं काम करायचे. त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसायचे मी, विचारायचे, हे काय, ते काय. ते कधी कंटाळले नाहीत. केबलचं इंटरनेट झालं, तांब्याची तार जाऊन काचेची आली, तोवर मी पण जोडणी मारायला शिकले होते. आता सगळं सूनबाई बघते.

ते मशीन म्हणजे ओटीडीआर. नाव अवघड आहे, काम सोपं. कोरड्या विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसं. फायबर म्हणजे केसाएवढी काच. मशीन त्यात उजेडाची हाक मारतं. काच तुटली असेल तिथून उजेड मागं फिरतो. तो किती वेळात फिरला त्यावरून किती अंतरावर तुटलं ते कळतं. कोणी तोडलं, ते मात्र मशीन सांगत नाही.

तेव्हा आपण शहराला औरंगाबादच म्हणायचो. शहर बिडकीनच्या अंगानं पसरायला लागलं होतं. चार पदरी रस्ते, दिव्यांचे खांब, नव्या कंपन्यांसाठी आखलेले प्लॉट. तिथपर्यंत जाडजूड फायबर जमिनीखालून आलेलं. आणि तिथून पाच किलोमीटरवरच्या गावात मोबाइलची एक काडी. गावाचं नाव सांगत नाही. माणसं तिथं आहेत अजून, वाचतील.

त्या गावात संगीता नावाची एक सून ऑनलाइन सेवा केंद्र चालवायची. नवरा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला. हिच्याकडं कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळं, फक्त नेट नाही. विम्याचा फॉर्म भरून सबमिट दाबलं की ते गोल गोल फिरत राहायचं. लोक मग बिडकीनला जायचे, दिवसभर उभे राहायचे, तिथली साइट बसली की रिकाम्या हातानं परत. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. पेरलेलं उगवून करपलं होतं. विमा भरला तर काही हाताला लागण्याची आशा, नाही भरला तर तीही नाही. म्हणून संगीता मला शोधत उस्मानपुऱ्यात आली होती, आणि मी हो म्हटलं होतं.

तर आम्ही वस्तीवर पोचलो. ही वस्ती गावाच्या अलीकडं, पाणंदीच्या कडेला आठ-नऊ घरांची. आमचा पाइप तिच्या अंगावरूनच गावात जात होता. बुधवारी लाइन टेस्ट करून ओके आली होती, तेव्हा बाया हसून हात हलवत होत्या. आजही हसत होत्या. पण हंडे घेऊन ओळीनं बसल्या होत्या.

हंड्यांच्या पुढं खड्डा खणलेला. खड्ड्यात आमचा पाइप. पाइपला टी बसवलेला. टी म्हणजे फांदी काढायचा तुकडा. आणि त्याच्यावर नळ. पितळी, नवाकोरा.

मी आजवर लाइनला उंदीर बघितलेत, जेसीबी बघितलेत, मुंग्यांचं वारूळसुद्धा बघितलं. नळ पहिल्यांदा बघितला.

रफिकभाई खाली वाकले. पाइपवर बोट फिरवलं. "क्या सफाई से काम करे भाभी. एक थेंब नहीं गळनेका."

खड्ड्याशेजारी भानुदासमामा उभे. ग्रामपंचायतीचा पाणीवाला. गावाच्या पाण्याचे वॉल सोडायचं-बंद करायचं काम बावीस वर्षं त्यांचं. विहीर आटल्यापासून टँकरमागं पळायचं.

"ताई, बरं झालं आलात," ते म्हणाले. "लाइन चोकअप हाय तुमची. आत काळी वायर आडकली होती. लई लांब होती. वढून वढून काढली बगा, तरी पानी येईना."

"कुठाय वायर?"

त्यांनी बोट दाखवलं. दोन बाभळींच्या मधे आमची फायबर केबल ताणून बांधली होती. तिच्यावर लुगडी वाळत होती.

आधी मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वस्तीवरची गयाबाई, सत्तरीची असेल, पुढं आली आणि म्हणाली, "ताई, तुमीच म्हनला व्हता, घरोघर लाइन दिऊ."

आणि मग मला सगळं आठवलं. एकेक वाक्य.

ग्रामसभेत मी माइकवर बोलले होते. मोठ्या हौसेनं. "घरोघर लाइन देऊ. चोवीस तास लाइन चालू राहील. फुल स्पीडनं येईल." देवळापुढची माणसं समोर बसली होती, त्यांना माझ्या हातातला इंटरनेटचा डबा दिसत होता. वस्तीवरच्या बायांना, आणि तिथं टँकरपाशी थांबलेल्या भानुदासमामांना, फक्त भोंगा ऐकू गेला.

पाणंदीत मुरूम कडक, जेसीबी जाईना, तेव्हा ह्याच बाया कुदळी घेऊन आल्या होत्या. दोनशे मीटर चर त्यांनी खणली. मजुरी द्यायला गेले तर गयाबाई म्हणाली, "आपल्याच लाइनचं काम, त्याचे कशाला घ्यायचे?" मी घरी येऊन सूनबाईला कौतुकानं सांगितलं, बघ किती पुढारलेल्या बाया आहेत, इंटरनेटसाठी खणतायत.

एकीनं विचारलं होतं, "ताई, फोर्स किती ऱ्हाईल?" मी म्हटलं, "लई फोर्स." दुसरीनं विचारलं, "माळवदावर चढंल का?" मी म्हटलं, "का नाही चढणार, वर न्यायचं की झालं."

आणि पाइप! फायबरचा पाइप नारंगी असतो, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. तो यायला पंधरा दिवस लागणार होते. तेवढा वेळ नव्हता. मग मीच हुशारी केली. पैठण रोडच्या ठिबकच्या दुकानातून शेतीचा काळा पाइप उचलला. दुष्काळात त्याला गिऱ्हाईक नव्हतं, दुकानदारानं खुशीत दिला. दिसायला हुबेहूब पाण्याचा, कारण तो पाण्याचाच होता.

त्यातून आणखी एक गोष्ट. धरणाचं पाणी शहराला जातं ती मोठी पाइपलाइन ह्याच भागातून जाते. ह्या लोकांनी ती वर्षानुवर्षं बघितलेली. पाणी आपल्या शिवारातून जातं आणि आपल्याला मिळत नाही. मग शहरातली एक बाई येऊन म्हणते लाइन देते, काळा पाइप टाकते, दिवसातून दोनदा चहा पिऊन जाते. त्यांनी दुसरं काय समजायचं?

तेवढ्यात फोन वाजला. ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही नेट घ्यायचो, तिचे झोनल मॅनेजर.

"मॅडम, लिंक डाऊन का दिसतेय?"

"कट आहे साहेब. कोणीतरी नळ बसवला."

"काय बसवला?"

"नळ."

मग म्हणाले, "ही तोडफोड आहे. आधी पोलीस कंप्लेंट द्या. त्याशिवाय काम सुरू करू नका."

"साहेब, चूक माझी आहे. पोलिसांना माझंच नाव द्यावं लागेल."

"मग रीझन काय टाकू? सिस्टिममध्ये ऑप्शन आहेत, जेसीबी, उंदीर, आग, चोरी."

"गैरसमज आहे का त्यात?"

"नाही."

"मग इतर टाका," म्हणून मी फोन ठेवला.

आता खरं बोलायची वेळ आली. मी खड्ड्याच्या काठावर बसले. उभं राहून सांगायची हिंमत नव्हती.

"गयाबाई, ह्या पाइपात पाणी नाहीय."

"म्हंजी अजून सोडलं नाय?"

"नाही. ह्यात पाणी कधीच येणार नाही. ही इंटरनेटची लाइन आहे. मी नीट सांगितलं नाही, माझं चुकलं."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कोणी ओरडलं नाही. एका बाईनं आपला हंडा उचलून कमरेवर घेतला, रिकामाच, आणि परत खाली ठेवला. भानुदासमामा खड्ड्यात उतरले आणि नळाची चकती सोडवायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

गयाबाई खड्ड्यात डोकावली आणि म्हणाली, "मंग ह्यातनं येतंय काय?"

मी सांगितलं, संगीताच्या कॉम्प्युटरला नेट येतं, त्यातून विम्याचा फॉर्म जातो.

"त्या वायरीतनं? आमची लुगडी वाळतेत त्या?"

तेव्हा रफिकभाईंनी पिशवीतून लाल लाइटचा पेन काढला. तो आम्ही काच कुठं फुटली ते बघायला वापरतो. बाभळीवरच्या केबलचं टोक सोललं, आतली काच बाहेर काढली, पेन लावला. दुसऱ्या टोकाला, वीसेक पावलांवर, लाल ठिपका पेटला.

"आँख में नको देखो अम्मा, हाथ पे देखो," ते म्हणाले.

गयाबाईनं तळहात पुढं केला. सुरकुत्यांवर लाल टिकली उमटली. ती हाताकडं बघत राहिली.

"अगं बया. एवढ्याशा केसातनं."

"हौ अम्मा. इत्तेसे में पूरे गांव का फारम जाता."

"माझा बी?"

"तुम्हारा पैले."

मग ती बायांकडं वळली. काय बोलली ते सगळं मला ऐकू आलं नाही, पण एक वाक्य आलं. "पानी नाय तर नाय, ईमा तरी जाऊ द्या. आपनच तोडली, आपनच जोडू."

मी म्हटलं, "तुम्ही नाही तोडली, मी तोडायला लावली."

"ते बी खरंच हाय," ती म्हणाली. तेवढ्यावर एक-दोघी हसल्या.

शनिवारी सकाळी मी वाळूजच्या गोडाऊनमधून केबल घेऊन पोचले तर चर उघडून तयार होती. पन्नास-साठ मीटर. ह्या वेळेला त्यांना पक्कं माहीत होतं की ह्यात पाणी नाही. मजुरीचं मी परत विचारलं. गयाबाईनं परत नाही म्हटलं, आणि ह्या वेळेला कारण सांगितलं नाही. इतक्या वर्षांत माझ्यावर बऱ्याच जणांनी उपकार केले. हा मला सगळ्यात मोठा वाटतो.

पाइपाची जोडणी भानुदासमामांनी कोणाला करू दिली नाही. आत गेलेला मुरूम त्यांनी पंपानं हवा मारून काढला, दोन्ही टोकं घासली, सांधा असा बसवला की रफिकभाई म्हणाले, "मामा, हमारे यहां आ जाओ." मग रफिकभाईंनी काच जोडायला घेतली. उन्हात हात घामेजतात, घाम लागला की काच नीट चिकटत नाही. दोन बाया त्यांच्या डोक्यावर पटकुराची सावली धरून दीड तास उभ्या राहिल्या.

रविवारी दुपारी संगीताच्या डब्यावरचा हिरवा दिवा लागला. पहिला फॉर्म गयाबाईचा, सातबारा तिच्याच नावावर. संगीतानं सबमिट दाबलं. ते गोल एकदा फिरलं आणि पावती आली. गयाबाईला ते पटेना. "झालं? एवढंच?" ती म्हणाली. "मी तर भाकर बांधून आनली व्हती." मंगळवारी संध्याकाळपर्यंत गावातला एकही माणूस बिडकीनला गेला नाही. फॉर्म भरायचा राहिला असंही कोणी उरलं नाही.

विम्याचं पुढं काय झालं विचाराल, तर काहींना आला, काहींना नाही. तो माझ्या हातातला विषय नव्हता. वस्तीवर वेगळा टँकर हवा, असा अर्ज मात्र त्याच लाइनवरून आम्ही तालुक्याला पाठवला, भानुदासमामांनी काढलेल्या विहिरीच्या फोटोंसकट. पंधरा दिवसांनी टँकर आला. आमच्या अर्जामुळं आला की त्यांच्या यादीत आधीच होता, ते मला ठाऊक नाही. बायांनी श्रेय मला दिलं. मी घेतलं नाही, पण चहा घेतला.

भानुदासमामांनी त्यानंतर लाइनचा जिम्मा स्वतःकडं घेतला. कोणी जेसीबी घेऊन आला की ते आडवे व्हायचे. तिथं आमची लाइन परत एकदाही तुटली नाही. मामांनी एकच गोष्ट करायला सांगितली, ती मी सगळीकडं केली. दर दोनशे मीटरवर दगड पुरला आणि पिवळ्या रंगात लिहिलं, 'खाली इंटरनेटची वायर. यात पाणी नाही.'

पुढं एकदा कंपनीचा नवा इंजिनियर पाहणीला आला. म्हणाला, मॅडम, हे प्रोफेशनल दिसत नाही, इंग्रजीत वॉर्निंग लिहायची पद्धत आहे. मी म्हटलं, लिहा ना इंग्रजीत, वरच्या बाजूला जागा आहे. खालचं मात्र पुसायचं नाही.