कच्च्या फायलीतल्या काकू

माझ्या ताईच्या चुलत सासऱ्यांसारखा चिवट माणूस गोदावरीच्या अल्याड दुसरा झाला नाही. पल्याडचं मला माहीत नाही. लोकांचा चिवटपणा जमिनीवर, मानपानावर नाहीतर निवडणुकीवर खर्च होतो. काकांनी तो सगळा एकाच गोष्टीवर लावला होता. नवी वस्तू आली म्हणून जुनी निकामी होते, हे त्यांना मान्य नव्हतं. ‘‘नवी सून आली म्हणून सासूले कोणी घराबाहेर काढते का?’’ ते विचारत. ‘‘दोघीची ओळख करून द्याव लागते, बापा. मंग एकाच चुलीवर रांधतात.’’ ही ओळख करून देण्याचं काम काकांनी आदिलाबादच्या आपल्या फोटो स्टुडिओत जन्मभर केलं. मी वांकिडीकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी ताईकडे राहायला आलो तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच होतो आणि मला सगळ्याचीच भीती वाटे. ताईच्या घराला लागून काकांचं घर, त्याच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ. तिथे तासन्‌तास बसून जे पाहिलं त्यामुळे माझी भीती गेली. एवढे प्रयोग फसूनही हा माणूस रोज सकाळी नव्या उत्साहानं कुलूप उघडतो, तर नापास व्हायला आपण काय म्हणून घाबरायचं, असं मला वाटू लागलं.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे रंगीत फिल्म उशिरानं पोचली तेव्हा बाकीचे फोटोवाले रोल धुवायला हैदराबादला पाठवत. काकांनी पाठवला नाही. त्यांच्याकडे फोटो मोठा करायचं काळ्यापांढऱ्या जमान्यातलं उभं यंत्र होतं. रंगीत निगेटिव्ह त्यालाच समजलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. रंग आवरायला काचा लागतात, त्या नव्हत्या. म्हणून त्यांनी पतंगाचा आणि मिठाईच्या पुड्यांचा रंगीत कागद भिंगाखाली लावून पाहिला. नेरडीगोंड्याचा एक नवरदेव त्या कागदांतून निघाला तो नखशिखांत निळा. आम्ही सगळे हादरलो. काकांनी मात्र तो फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून नवरदेवाच्या आईच्या हातात दिला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, ‘‘माह्या पोरात देव हाय हे मले मालूम होतं, पण फोटोत येईल असं नव्हतं वाटलं.’’ तो फोटो त्यांच्या देवघरात गेला. पण काकांना चैन पडेना. पुढचे कित्येक महिने ते निळ्याशी झुंजत राहिले, आणि एक दिवस त्याच यंत्रातून त्यांनी टोमॅटोची अशी एक टोपली काढली, की ती पाहून माझ्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या पाया पडलो.

कंप्युटर आला तोही कुणाच्या तरी ऑफिसातून निवृत्त झालेला. त्यात फोटो दुरुस्त करायचा एक प्रोग्रॅम होता, तोही कंप्युटरच्याच वयाचा. काका कॅमेऱ्याला ‘काय गं’ म्हणत, पण कंप्युटरला ‘अहो’. काकूंच्या जुन्या लुगड्याची त्याला झूल होती. ती काढून बटण दाबलं की तो पूर्ण जागा होईपर्यंत दुकानात कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. पासपोर्ट फोटोला आलेले एक तलाठी एकदा घाईत म्हणाले, ‘‘काका, जरा जल्दी करा.’’ काकांनी ओठांवर बोट ठेवलं. ‘‘साहेब, ते उठून राह्यले. झोपेतून उठल्याउठल्या तुमाले कोणी जल्दी करा म्हटलं तर?’’ आत काकूंनी चहा टाकला, उकळला, गाळला आणि आणून दिला, तेव्हा कुठे पडद्यावर अक्षरं आली.

अशा माणसाच्या घरात त्याच्या बायकोचा एकही फोटो नव्हता. सगळ्या तालुक्याला फ्रेममध्ये बसवणाऱ्या काकांच्या हाती काकू लागल्या नव्हत्या. काका कॅमेरा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले, की काकूंचे केस नेमके न विंचरलेले असत, नाहीतर लुगडं रोजचं असे, नाहीतर ‘‘आज चेहरा उतरला हाय, उद्या काढा’’. हा उद्या लग्नापासून चालत आला होता. काका कधी जबरदस्ती करत नसत. दारातून तसेच परत फिरत आणि मला सांगत, ‘‘गिऱ्हाइकानं नाही म्हटलं म्हणजे नाही. घरचं असलं तरी गिऱ्हाईकच.’’

मग नव्वदीच्या शेवटी शेवटी दिवाळीला काकूंचा परदेशातला भाचा आला. त्याच्या गळ्यात त्याच्या ऑफिसचा कॅमेरा होता, आणि त्यात रोलच नव्हता! काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उलटा करून पाहिला, आणि देवळातली मूर्ती परत जागेवर ठेवावी तसा परत दिला. पोरगा कुणाला विचारत नव्हता. दिसेल ते टिपत होता. काकू ज्वारीच्या भाकरी करत होत्या तिथेही गेला, आणि तव्यावरची भाकरी उचलायला जाऊन त्यानं बोटं भाजून घेतली. त्याचं ते नाचणं पाहून काकू पदर तोंडाला लावायचं विसरून हसल्या. भाजल्या हातानंच त्यानं बटण दाबलं. जाताना त्यानं आपल्या लॅपटॉपमधून केबल लावून ती फाईल काकांच्या कंप्युटरात उतरवली आणि सांगितलं, ‘‘मामाजी, ही कच्ची फाईल आहे. कॅमेऱ्यानं जसा उजेड पाहिला तसाच ठेवलाय, अजून शिजवला नाही. मी तिकडे जाऊन नीट करून पाठवतो.’’ तिकडे जाऊन त्याचा तो कॅमेरा ऑफिसात जमा झाला, लॅपटॉप साफ झाला, आणि ती फाईल जगात फक्त आदिलाबादला, लुगड्याच्या झुलीखाली उरली. ती काही उघडेना.

त्याच सुमारास काकूंच्या पोटातल्या दुखण्याला डॉक्टरांनी नाव दिलं. गाठ होती. नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं. गाठ कसली ते तिथे उघडल्यावरच कळणार होतं. काका फक्त त्या फाईलच्या मागे लागले. रोज झूल काढायची, मौन पाळायचं, फाईल उघडायला सांगायची, आणि प्रोग्रॅमनं रोज तेच उत्तर द्यायचं, की हा प्रकार मला ओळखता येत नाही. मला राहवेना. मी म्हटलं, ‘‘काका, आपल्या कॅमेऱ्यानं नवा फोटो काढा ना. आता काकू नाही म्हणणार नाहीत.’’

‘‘बसंल ना,’’ काका म्हणाले. ‘‘आता म्हटलं तर लगेच बसंल. पण हसंल का?’’



पहिला उपाय त्यांनी स्वतःच शोधला. प्रत्येक फाईलच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं, त्यावरून प्रोग्रॅम तिला ओळखतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कच्च्या फाईलचं शेपूट बदलून जुन्या ओळखीचं लावून दिलं. ‘‘लग्नात पोरीचं नाव बदलतात ना? तसंच. तांदळात नाव लिहिलं, की झाली या घरची.’’ आणि प्रोग्रॅम खरोखरच फसला. त्यानं फाईल घरात घेतली, आणि पडद्यावर हिरव्या-जांभळ्या पट्ट्यांचा पाऊस पडला. काका हरखून ओरडले, ‘‘अवं, ये! तुह्या लुगड्याचा काठ आला!’’ काकू हात पुसत आल्या, वाकून पाहिलं.

‘‘असं लुगडं माह्यापाशी कधीच नव्हतं.’’

‘‘काऊन? दिवाळीचं?’’

‘‘दिवाळीचं तुमीच आणलं होतं, तुमालेच आठवत नाही,’’ काकू म्हणाल्या. ‘‘अन्‌ नाव बदललं तरी पोरीचं माहेर सुटते का? माहं नाव बदलून इतकी वर्षं झाली, अजून वरणात चिंच मी माहेरचीच टाकतो.’’

काकांनी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, जुन्या प्रोग्रॅमला हा कॅमेरा जन्मात समजणार नाही, कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालणार नाही, सरळ नवा कंप्युटर घ्या. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, ‘‘जेवला का?’’ विचारलं आणि फोन ठेवला.

पदवीनंतर हैदराबादला लावलेल्या कंप्युटर कोर्सला मी दुसऱ्या दिवशी परत निघालो तेव्हा ते बसस्टँडवर आले. असे कधी येत नसत. चहाच्या गाड्यापाशी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘लेका, तुह्या वांकिडीच्या बाजारात कापूस कसा विकतात?’’

मी म्हटलं, ‘‘दलाल असतो.’’

‘‘हं. विकणाऱ्याले तेलुगू येत नाही, घेणाऱ्याले मराठी येत नाही. दलाल काय करते? दोघायसंगही हिंदीत बोलते. हिंदी कोणाचीच धड नाही, पण दोघायलेही समजते, अन्‌ कापूस विकल्या जाते. मी इतके दिवस काय करून राह्यलो? तेलुगू माणसाचं नाव बदलून त्याले मराठी बोल म्हणून राह्यलो. फाईल तिच्या बोलीतच राहू दे. मले मधातला दलाल पायजे. जो कच्ची वाचंल अन्‌ माह्या म्हाताऱ्याले समजंल अशा बोलीत लिहून देईल. हैदराबादले असा कोणी भेटते का पाह.’’

बस सुटली तरी मी तो दलालच घोळवत होतो. मी विज्ञानाचा पदवीधर, पण मला हे सुचलं नव्हतं आणि कोर्सच्या पुस्तकातही अजून आलं नव्हतं. हैदराबादला आमच्या शिकवणाऱ्या सरांना मी काकांचं म्हणणं जसंच्या तसं, कापसासकट सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले. असे छोटे प्रोग्रॅम हौशी लोक बनवतात आणि इंटरनेटवर सोडून देतात, म्हणाले. त्यांनी शोधून दिलेले मी फ्लॉपीवर घेऊन आलो. पहिल्यानं काकांच्या मशीनवर चालायलाच नकार दिला. दुसरा चालला, पण त्याला दुसऱ्याच कुठल्या कॅमेऱ्याची बोली येत होती. ‘‘हा दलाल बेज्जूरच्या जंगलातला दिसते,’’ काका म्हणाले आणि त्यांनी पुढची फ्लॉपी घातली. नागपूरची तारीख जवळ आली होती. आत ताई काकूंची पिशवी भरत होती.

या तिसऱ्यानं मुकाट्यानं काम केलं. कंप्युटर बराच वेळ कण्हत राहिला, मग नवी फाईल तयार झाली. काकांनी ती जुन्या प्रोग्रॅमला दिली. या वेळी नियम न सांगताच सगळे गप्प होते. पडद्यावर चित्र वरून खाली उतरू लागलं, एकेक रेघ. आधी भिंत आली. मग फडताळ आलं, त्यावरचे डबे आले. काकू दारातून म्हणाल्या, ‘‘फडताळ तर माहंच हाय.’’ मग केस आले, कपाळ आलं, आणि मग ते हसू ओठाच्या एका टोकापासून हळूहळू उघडत गेलं. मी आयुष्यात पुढे पुष्कळ मोठे पडदे पाहिले. पण त्या दिवशीइतका डोळे लावून कुठलाच पाहिला नाही.

फक्त काकू हिरव्या होत्या. अंधाऱ्या आणि हिरव्यागार, शेवाळ धरल्यासारख्या. कच्च्या फायलीत हिरवा जास्तच असतो आणि उजेड दबलेला असतो, हे मला फार पुढे समजलं. काकू जवळ आल्या. ‘‘मी एवढी हिरवी हाय?’’

‘‘कच्ची हायेस ना अजून,’’ काका म्हणाले. ‘‘पिकंल.’’

पण पिकवायचं कसं? काकूंचा रंग काकांना आठवून लावता येईना. प्रोग्रॅममधल्या रंगाच्या पट्ट्या सरकवत आणि मान हलवत शेवटी ते म्हणाले, ‘‘तू जरा इथं खिडकीपाशी बस. फोटो काढून नाही राह्यलो. नुसता रंग पाहून राह्यलो.’’ आणि लग्नापासून ‘उद्या’ म्हणत आलेल्या काकू खुर्ची ओढून बसल्या, रोजच्याच लुगड्यात, न विंचरल्या केसांनी. काका एकदा त्यांच्याकडे पाहत, एकदा पडद्याकडे, आणि पट्टी केसभर सरकवत. आधी कपाळ माणसात आलं. मग भुवया. नागपूरला निघायच्या सकाळपर्यंत उजवा गाल झाला होता, डावा राहिला होता. ‘‘राहू द्या,’’ काकू म्हणाल्या, ‘‘आल्यावर पाहू.’’ आल्यावर, हा शब्द त्या किती सहज बोलल्या! काकांनी झूल घातली आणि पिशवी उचलली.

गाठ साधी निघाली. काकू परतल्या, वाळल्या होत्या पण परतल्या, आणि अंगात जरा ताकद येताच दुपारची भांडी झाली की खिडकीपाशी जाऊन बसू लागल्या. डावा गाल काही पुरा होत नव्हता. कधी उजेड पिवळा असे, कधी ढगाळ. ताई हसून म्हणायची, ‘‘काका, तालुक्याचे फोटो पडून आहेत.’’ काका म्हणायचे, ‘‘कच्चं काम मले आवडत नाही.’’

मला नोकरी लागली, लांबची, तेव्हा सांगायला मी दुपारचाच धावत गेलो. स्टुडिओचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पंखा थांबलेला. कंप्युटरचा पडदा काळा. काकू खिडकीत बसल्या होत्या, आणि काका हनुवटीखाली हात घेऊन त्यांच्याकडे पाहत होते.

‘‘काका,’’ मी म्हटलं, ‘‘करंट नाही का?’’

‘‘सकाळपासून नाही,’’ काका म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. मग काकूंना म्हणाले, ‘‘हलू नको.’’

काकू हलल्या नाहीत. मी दार पुन्हा होतं तसं लोटलं. नोकरीचं काय, संध्याकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं.