सारखे वाटे

बाहत्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास भिंगारला आखाडात आमची आळी मिळून अख्खा बोकड घ्यायची. खाटीक अंगणात गोणपाटावर वाटे घालायचा, कलेजीसुद्धा प्रत्येकात थोडी थोडी. मग एकाला पाठमोरा उभा करून एकेका वाट्यावर सुरी टेकवायचा आणि विचारायचा, "ह्यो कुनाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, त्याचा तो वाटा. तरी प्रत्येकाला शेजाऱ्याचाच मोठा दिसायचा. कुरकुर ऐकून खाटीक मात्र खूश व्हायचा. "समदे नाराज हायेत, म्हंजी वाटे बरोबर पडले."

एकदा वाटा उचलताना आमचे वडील चुकून हसले. खाटकानं त्यांचा हात धरला, सगळं मटण पुन्हा एकत्र केलं आणि नव्यानं वाटे घातले.

तेव्हापासून वडील सुतकी तोंडानंच वाटा उचलायचे. ते फारच दुःखी होऊन दारात आले, की आई मोठं पातेलं काढायची.