अर्ध्यात बंद केलेला सिनेमा

घरात नातवंडं जमली की सगळ्यात भंगार सिनेमा कोणता, यावर त्यांची जुंपते. एक म्हणतो, तीन तास झाले तरी हिरो मरता मरेना. दुसरी म्हणते, मी तर मध्यंतरातच पळून आले. मग कोणीतरी माझ्याकडं वळतं. "आजी, तू पाहिलेला सगळ्यात वाईट कोणता?" मी म्हणते, मला काही आठवत नाही बाप्पा. धडधडीत खोटं बोलते. तो सिनेमा अर्ध्या तासाचाही नव्हता, त्यात एक गाणं नव्हतं, आणि त्याच्यापायी आमच्या घरातलं जितंजागतं माणूस उठलं. तोंडानं सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव देवळीच्या पुढं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. सिनेमा म्हणजे पुलगावच्या तंबूतला. बापे लोक बंडी जुंपून पाहून यायचे आणि आम्ही बायका त्यांच्या तोंडून ऐकायचो. त्यामुळं सरकारी प्रचाराची गाडी येणार, चावडीसमोर फुकट सिनेमा दाखवणार, अशी दवंडी झाली तेव्हा गावाला चूल सुचेना. मी सोळा वर्षांची होते. वहिनी, म्हणजे माझ्या एकुलत्या एक भावाची बायको, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. कडेवर दीड वर्षाचं पोरगं, आणि तोंड सारखं चालू. कापसाच्या वेचणीत तिच्या ओळीला लागायला बायका भांडायच्या, इतकं हसवायची. त्या दिवशी तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं. आई म्हणाली, "अंधारात कोण पाह्यते तुले?" तर म्हणे, "बाप्पा, शिनेमाले जाऊन राह्यलो ना! असंच जाऊ?"

दोन बांबूंना पांढरं कापड बांधलं होतं. आम्हाला वाटलेलं, देव दिसतील, निदान नाच तरी दिसेल. दिसले ते हात. बोटं नसलेले. मग बसकं नाक असलेली एक म्हातारी. मग एका डॉक्टरनं एका माणसाला उघड्या अंगानं बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बारीक पुंजका त्याच्या गालाला लावला. माणसानं बोटानं जागा दाखवली. मानेला लावला, दाखवली. मग पाठीवर एक फिकट चट्टा होता, तिथं लावला. माणूस तसाच बसून राहिला. पडद्यामागून आवाज आला की महारोगाची सुरुवात अशी होते.

झालं! गिल्लाच झाला. "काय दाखवून राह्यले हे? लेकरं हायेत इथं!" कोणी थुंकलं, कोणी पोरांचे डोळे झाकले. आमच्या बाबांचा गावात शब्द चालायचा. ते उठले आणि हात वर करून म्हणाले, "बंद करा."

मशीनवाला नागपूरकडचा होता. गयावया करत म्हणाला, "बाबूजी, आगे तो देखो. असली बात तो आगे है."

"आमाले नाई पाह्यची," बाबा म्हणाले.

त्यानं रीळ काढलं आणि बियाण्याचं दुसरं लावलं. त्यात बैलजोडी आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बायकांचं एक असतं. ज्याची धास्ती घेतली, त्याचीच थट्टा करतात. दिवस वेचणीचे होते आणि कापसाला काय तोटा? दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वावरात दुपारच्या भाकरीनंतर हाच खेळ सुरू झाला. एकीनं डोळे मिटायचे, दुसरीनं डॉक्टर व्हायचं, बोंडातला पुंजका अंगाला लावायचा. गुदगुल्या व्हायच्या, चुकीची जागा दाखवली की हसून हसून मुरकुंडी वळायची. आमच्या वावरातली डॉक्टर मी होते. मालकाची पोरगी, दुसरं कोण होणार?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वहिनी पुढं सरकली. "लावा बाई मले. पाहू तुमची डाक्टरकी." डोळे मिटून, पदर सावरून बसली. मी नाकाला लावला, तिनं बरोबर नाक दाखवलं आणि शिंकल्याचं सोंग केलं. बायका हसल्या. मग कोपराच्या वर, मागच्या बाजूला तिचा एक फिकट डाग होता तिथं मी पुंजका टेकवला. तो डाग घरात सगळ्यांना माहीत होता. आई म्हणायची शिबं आहे, निंबाचा पाला चोळ. माझ्या मनात पाप नव्हतं. सिनेमात डागावर लावलेला, म्हणून मीही डागावर लावला.

वहिनी हसत बसून राहिली. मी पुंजका फिरवला. ती म्हणाली, "अवो, लावा ना मंग! किती वेळ डोये मिटून बसू?"

पुंजका तिच्या हातावरच होता.

तेव्हा मी तो उचलून तिच्या गालाला लावला असता तर? इतकं सोपं होतं. तिनं गाल दाखवला असता, खेळ पुढं गेला असता. पण मी मूर्ख, मला आपलं बरोबर ठरायचं होतं. मी म्हणाले, "वयनी, लावलाच हाय." तिनं डोळे उघडले, हाताकडं पाहिलं, मग बायकांकडं पाहिलं. एक म्हातारी ओटीतला कापूस तिथंच सांडून उठली आणि दूर जाऊन बसली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या.

सांजच्याला सगळं गाव हेच बोलत होतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर वहिनीला कोणी दोराला हात लावू देईना. आईनं तिचं ताट-गडवा वेगळा केला. पोरगं आजीजवळ झोपायला लागलं आणि मायसाठी रडून रडून त्याचा घसा बसला. त्याच महिन्यात मला पाहायला पाहुणे यायचे होते, आर्वीकडच्या एका गावाहून, मुलगा पुलगावच्या गिरणीत कामाला. आई बाबांना म्हणाली, "त्याईच्या कानावर गेलं तं पोरीले कोण करन?" बाबा म्हणाले, "मंग माहेरी धाडा तिले." भाऊ तिथंच बसला होता. तो एक अक्षर बोलला नाही. त्याचा मला अजूनही राग येतो. पण बोलायचं तर मीही होतेच ना तिथं.

वहिनी ओट्याखाली उभी होती. ती कोणाच्या हातापाया पडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "हे बरं होते का नाई होत, कोणाले ठाऊक हाय का?"

"तो रोग काई जात नाई वो," आई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. गावात सगळ्यांनाच तसं वाटत होतं.

"पोट्टं नेऊ?"

"त्याले लागन. तुले पायजे का तसं?"

भावानं बंडी जुंपली. पोरगं माझ्या कडेवर होतं, मायकडं झेपावत होतं, आणि मी त्याला घट्ट धरून ठेवलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही. दोन पावलं मागं सरकून त्याला नुसतं पाहून घेतलं आणि बंडीत बसली. मला रडू आलं म्हणावं तर तसं नाही. सुटल्यासारखं वाटलं. लग्न वाचलं असं वाटलं. आता कितीही लाज वाटली तरी तेव्हा हेच वाटलं होतं.

माझं लग्न झालं, मी पुलगावला आले. त्याच उन्हाळ्यात भावानंही दुसरी केली.

तीनेक वर्षांनी पुलगावच्या मैदानात तशीच गाडी आली. नवरा म्हणाला चल, मी गेले. पहिलं रीळ लागलं आणि तेच हात दिसले. मी उठायला लागले तर नवऱ्यानं हात धरून बसवलं. डोळे मिटलेला माणूस आला, पुंजका आला, चट्टा आला. इथं कोणी बंद करा म्हणालं नाही. सिनेमा पुढं गेला.

पुढं तो डॉक्टर त्या माणसाच्या घरी जातो आणि त्याच्याच ताटात जेवतो. त्याला गोळ्या देतो. लवकर कळलं तर हा रोग बरा होतो, अशा बधिर चट्ट्यापासून दुसऱ्याला सहसा लागत नाही, घरातून काढू नका, असं सांगतो. शेवटी तो माणूस अंगणात बसलेला असतो, चट्टा पुसट झालेला, आणि त्याच्या मांडीवर त्याचं लेकरू. एवढंच. भाजी चिरायला लागतो तेवढा वेळ. तेवढा वेळ आमच्या गावाला धीर नव्हता!

मी तिथंच हंबरडा फोडला. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा मलाच हाकलतो. तो म्हणाला, "कुठं हायेत त्या, पाहू."

वहिनीचे मायबाप कधीच गेलेले. माहेरी होता तो तिचा भाऊ, त्यानं तिला आठ दिवस गोठ्यात ठेवून वर्ध्याच्या पलीकडं रोग्यांच्या वस्तीत नेऊन सोडलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ती मागावर बसून पट्ट्या विणत होती. दहाच्या दहा बोटं शाबूत. "या बाई," म्हणाली, जशी मी कालच भेटून गेले होते. मी रडत रडत सिनेमाचं सांगू लागले, की वयनी, पुढं वेगळंच होतं गं, आपण पाहिलंच नाही.

"पाह्यला मी तो," ती म्हणाली. "इथं दर साली दाखवतेत. शेवट चांगला हाय त्याचा."

तिनं पेटीतून एक कागद काढून दाखवला. रोग गेला, घरी जाता येईल, असा डॉक्टरचा सहीशिक्क्याचा कागद. हाच कागद घेऊन ती दिवाळीनंतर आमच्या गावी जाऊन आली होती. आम्हाला कोणी कळवलंही नव्हतं. बाबा दारातच उभे राहिले, कागद हातात घेतला नाही. म्हणाले, "पोराले सांगतलं हाय की तुही माय मेली. आता कोणत्या तोंडानं जिती करू?"

"पोट्टं दिसलं?" मी विचारलं.

"अंगणातच खेळून राह्यलं होतं. कोणी पावनी आली म्हणून त्यानंच गडवाभर पाणी आणलं. पेले अन् आले."

मी म्हणाले, मी जाते, त्याला सांगते, सगळ्या गावाला सांगते. तेव्हा मात्र ती चिडली. "आता आल्या सांगाले! नवी माय चांगली हाय त्याची, बिलगते तिले. एक सुटली, आता दुसरीपासून काऊन तोडता त्याले? नोका सांगू." मी गप्प बसले. तिचं ऐकलं म्हणून बसले की मला ते सोयीचं होतं म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्या साली पितृपक्षात आईचा सांगावा आला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं नवमीला सवाष्ण जेवू घालतात, लुगडं देतात. पोराला आता सहावं लागलं, त्यानं त्याच्या आईचं करायला पाहिजे, आणि सवाष्ण घरचीच हवी म्हणून मी. आईला ठाऊक, बाबांना ठाऊक, भावाला ठाऊक, मला ठाऊक. वहिनी पंधरा कोसांवर माग चालवत होती, आणि मी तिच्या नावाच्या पाटावर बसले. कढी, वडे, खीर वाढली. पोरगं दोन्ही हातांवर लाल लुगडं धरून आलं, माझ्या ओटीत टाकलं आणि पाया पडलं. "आजी म्हणते, आईले पोचते हे," म्हणालं. "पोचते का वो आत्या?"

"पोचते रे बाप्पा," मी म्हणाले, आणि जेवले. सगळं पान जेवले.

चौथ्या दिवशी ते लुगडं घेऊन वस्तीत गेले. कुठून आलं, हे लपवलं नाही. वहिनीनं घडी मांडीवर ठेवली, काठावरून हात फिरवला.

"त्यानं सोताच्या हातानं देलं?"

"हो."

"मंग काय म्हणे?"

"आईले पोचते का, म्हणे."

ती आत गेली, ते नेसून बाहेर आली आणि पुन्हा मागावर बसली. बराच वेळ धोटा इकडून तिकडं फेकत राहिली. मी निघाले तेव्हा मान वर न करता म्हणाली, "पुढच्या साली हिरवं घ्या म्हणा, बाई."

मी आईला तसं सांगितलं. आईनं कोणासाठी म्हणून विचारलं नाही. पुढच्या नवमीला पोरानं हिरवं आणलं.