विमलअक्कांचे मुंगळे

गंगाखेडला गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या बोळात मार्तंड मास्तरांचं भाड्याचं घर होतं. त्या घरच्या स्वयंपाकघरात मास्तरांच्या थोरल्या बहिणीनं, विमलअक्कांनी, मुंगळे पाळले होते. पाळले म्हणजे अगदी गाय पाळावी तसे. वेळेवर खाणं, वेळेवर पाणी, उन्हाळ्यात ओलं फडकं, थंडीत चुलीची ऊब. बाकीच्या घरांत दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत ते मुंग्या वर चढू नयेत म्हणून. अक्कांनी मुंगळ्यांच्या चौकटीचे पाय वाट्यांत ठेवले होते ते मुंगळे खाली उतरू नयेत म्हणून. बोळातल्या बायकांना हसायला एवढं पुरे होतं.

खरं तर हा उद्योग मास्तरांचा. निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ शाळेतली उर्दू गेली आणि आयुष्यभर उर्दूत शिकलेले, उर्दूत शिकवलेले मास्तर मराठीत पाठ घेऊ लागले. नव्या अभ्यासक्रमात निसर्गनिरीक्षण आलं. मास्तरांना हुरूप चढला. शाळेच्या भिंतीवरून उतरवलेल्या जुन्या सरकारच्या तसबिरी अडगळीत धूळ खात होत्या. त्यांच्या दोन काचा काढून त्यांनी लाकडी चौकटीत समोरासमोर बसवल्या, मधल्या बोटभर फटीत काळी माती भरली आणि पावसाळ्यात कंदिलाभोवती पडलेली एक भली मोठी, पंख गळालेली मुंगळी पकडून तिच्यात सोडली. पोरांना सांगितलं, ही राणी. पोरांनी पाहिलं. राणी हलेना. आठवडाभर पाहिलं, तरी हलेना. निरीक्षण करायला काही घडावं तरी लागतं. शेवटी मास्तरांनी चौकट घरी आणली आणि म्हणाले, "अक्का, उकिरड्यावर रिकामी करून टाक. काच तेवढी जपून ठेव."

अक्का वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "ही अशी एकटीच का रे?"

मास्तरांना प्रश्न विचारला की पाठच सुरू व्हायचा. "नर उडता उडताच लग्न लावतात आणि मरून जातात. मग ही जमिनीवर उतरते, आपले पंख आपणच तोडते आणि बिळात एकटी जाऊन बसते. खाणं नाही, पिणं नाही. अंगात असेल त्या बळावर पहिली अंडी घालते. तिथून पुढं शेकड्यांनी लेकरं. वर्षानुवर्षं जगते, म्हणतात."

बोलून ते हातपाय धुवायला गेले. आपण कुणाला काय सांगून बसलो हे त्यांच्या गावीही नव्हतं. अक्कांचं सासर बोरीचं. लग्नात दिलेली पैठणी नीट नेसता येण्याआधीच नवरा तापानं गेला. सासऱ्यांनी न्हावी बोलावला. पुढं काही दिवसांनी लाल आलवणातली ती पोर माहेरच्या दारात आणून सोडली. पुढं भावाकडं राहायला आल्यावर केस वाढले, पण बाकी काही वाढलं नाही. एक वेळचं जेवण, सोवळं, दुसऱ्यांच्या घरचे सण आणि त्या सणांचा स्वयंपाक. नवरा मेल्यानंतरही एखादीचं पुढं काहीतरी होतं, हे अक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

चौकट उकिरड्यावर गेली नाही. अक्कांनी तिच्यावर काळं फडकं टाकलं आणि ती कपाटाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. दीड महिन्यानं फडकं उचललं तर राणीभोवती चार-पाच खुजी, फिकट लेकरं फिरत होती. अक्का खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. सुख झालं की रडू येतं, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं.

मग सुरू झाला तो तीन वर्षांचा संसार. कापसाच्या बोळ्यावर साखरेचं पाणी. पण नुसत्या साखरेवर लेकरं वाढत नाहीत, एखादा किडाही खायला लागतो, असं मास्तर म्हणाले. मग सोवळ्यातली ही बाई मेलेली माशी काडीनं उचलून चौकटीत टाकायची आणि पुन्हा अंघोळ करायची. दिवसात तीन-तीन अंघोळी झाल्या तरी तक्रार नाही. घर सारवायला येणारी कासाबाई शेतातून टोळ धरून आणायची आणि वर टोमणा मारायची, "अक्का, तुमच्या मुंगळ्याला रोज साखर अन् आमच्या चहात गूळबी न्हाई. पुढच्या जल्माला तुमच्याच काचंत यायली बघा मी."

मुंगळे वाढले. फिकट पोरांच्या जागी काळेभोर, डोकेवाले गडी आले. एक चौकट पुरेना तेव्हा मास्तरांनी दुसरी करून दिली आणि अक्कांनी लिहायच्या बोरूची पोकळ नळी दोन्हींच्या मधे बसवली. पांढरी अंडी या खोलीतून त्या खोलीत, ओलीतून कोरडीत, अशी दिवसभर ये-जा चाले. एका मुंगळ्याच्या पोटात गेलेली साखर तोंडातोंडी सगळ्यांना पोचते, आणि पहिला घास राणीला, हे अक्कांनी स्वतः पाहून ठेवलं होतं. दुपारी सगळं घर निजलं की त्या काचेपाशी बसत. कुणी विचारलं तर म्हणत, "काही नाही, बघायलेय." पण आपल्या हातून काहीतरी वाढायलंय, हा विचार त्यांच्या मनात असायचा आणि तो कुणाला सांगायची त्यांना लाज वाटायची.

भावजय सुमंगला मनानं चांगली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात तिला दुष्ट ठरवणं फार सोपं आहे आणि ते खोटं होईल. ती अक्कांना कधी उलट बोलली नाही. दोनदा तिला दिवस गेले आणि दोनदा पोट रिकामं झालं, तेव्हा अक्कांनीच तिला उशाशी बसून उभी केली होती. आता तिला पाचवा महिना होता. घरात सगळे हलक्या पावलानं चालत होते.

चैत्रातलं हळदीकुंकू आलं. गौर झोपाळ्यात बसवायची, पुढं आरास मांडायची. कुणी चिनी मातीची फळं मांडतं, कुणी मण्यांचे मोर. सुमंगला म्हणाली, "वन्सं, आपण मुंगळ्यांची चौकट मांडू का? सगळ्या गंगाखेडात कुणाकडं असली आरास नसंल."

अक्कांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते त्यांनी लगेच खाली वाकून लपवलं. हळदीकुंकवाच्या बैठकीत त्यांना जागा नव्हती. नसतेच, त्यात कुणाचा दोष काढायचा? पण त्यांच्या हातचं काहीतरी तिथं मधोमध मांडलं जाणार होतं. त्यांनी काचा राखेनं घासून लखलखीत केल्या, वरच्या फटीवर फडकं घट्ट बांधलं आणि एवढंच बजावलं, "फडकं सोडू नका."

संध्याकाळी बायका जमल्या. अक्का स्वयंपाकघरात कैरीच्या डाळीला फोडणी देत होत्या, पन्ह्यात वेलदोडा घालत होत्या. दाराला पडदा होता. पलीकडून कौतुकाचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजानिशी अक्कांचा हात जरासा हलका होत होता.

"राणी कोणती हो?"

"ती मोठी. तिचीच सगळी ही."

"बाई बाई, किती लेकरं! लेकुरवाळी म्हणायची ही तर."

मग वकिलीणबाईंचा ठसठशीत आवाज आला, "मग सगळ्यांना लावायलाव आणि तिलाच हळदीकुंकू नाही का? अगं सुमंगला, तुझ्या ओटीत तिचा गुण येऊ दे. लाव तिला."

हशा झाला. पण त्या हशात सुमंगला हसली नाही, हे अक्कांना पडद्याआडूनही कळलं. दोनदा पोट रिकामं झालेली बाई असल्या गोष्टीवर हसत नसते. "लावते," ती म्हणाली. "फडक्याची गाठ तेवढी सोडा कुणीतरी."

साखरेच्या डब्याभोवती हळदीची रेघ कशाला ओढतात, हे स्वयंपाकघरात जन्म घालवलेल्या बाईला सांगायला नको. त्या हातातल्या डावासकट उठल्या. दारापर्यंत आल्या. पडद्याला हात लावला.

पलीकडं ओट्या भरल्या जात होत्या. सुमंगला आसनावर होती. आत्ता पडदा सारून आपण उभ्या राहिलो तर काय होईल? कुणी काही बोलणार नाही. सगळ्या गप्प होतील. आणि उद्या, परवा, महिन्यानं, देव न करो, काही कमीजास्त झालं तर तेव्हाही कुणी काही बोलणार नाही. फक्त बघतील. त्याहून वाईट हे की आपल्यालाही तेच वाटेल. अक्कांना स्वतःवरच तेवढा भरवसा नव्हता. कुणी पढवलेलं इतकं खोल गेलं होतं की ते आता त्यांचंच झालं होतं.

त्यांनी डाव दारावर आपटला. मग पडद्याआडूनच हाक मारली, "सुमंगला, जरा ये गं!"

"आलेच वन्सं, पन्हं थोड्या वेळानं आणू!"

पाऊल उंबऱ्यावर ठेवलं होतं. ते तिथंच राहिलं. पलीकडं एकेक सवाष्ण पुढं होत होती, चिमूट चिमूट फटीत सोडत होती आणि राणीला आशीर्वाद मागत होती.

बायका गेल्यावर चौकट आत आली. माती वरून पिवळी-तांबडी झाली होती. मुंगळे सैरभैर होऊन एकमेकांचं अंग चाटत होते. अक्कांनी ओल्या कापसाच्या वातीनं जमेल तेवढं टिपून काढलं. तिसऱ्या दिवसापासून ते मरायला लागले. मास्तरांनी चष्मा पुसत पाहिलं आणि म्हणाले, "हळदीनं नुसते पळाले असते. कुंकवात टाकणखार असतो, अक्का. हळद लाल करायला घालतात. तो यांना विष. चाटून पोटात गेला, आणि आता तोंडातोंडी..." पहिला घास कुणाला जातो हे त्यांनाही माहीत होतं.

राणी त्याच आठवड्यात गेली. उरलेल्या मुंगळ्यांनी तिला टाकलं नाही. तिच्याभोवती गोळा होऊन ते तिला चाटत राहिले, भरवत राहिले. मास्तर म्हणाले, "पावसाळ्यात दुसरी धरून देतो." अक्कांनी नको म्हणून मान हलवली. पावसाळ्यात धरलेल्या दहांतली एखादीच तगते, आणि तगली तरी ती ही नव्हे.

सुमंगलाला हे सगळं कळलं तेव्हा ती अक्कांच्या पायाशी येऊन बसली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "मला काय ठाऊक हो वन्सं! तुम्हाला ऐकू येत होतं ना? मग सांगायचं होतं."

"हाक मारली होती."

"मला वाटलं, पन्ह्याचं विचारायलाव. बाहेर यायचं होतं ना सरळ!"

अक्कांनी तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. आता एक वाक्य ऐकायला मिळालं असतं तर तीन वर्षांचं गेलेलं त्यांनी सोडून दिलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "आले असते तर चाललं असतं?"

सुमंगलानं तोंड उघडलं. तिला हो म्हणायचं होतं, मनापासून म्हणायचं होतं. पण शब्द फुटण्याआधीच तिच्या हातानं पदर पोटावरून ओढून घेतला. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

अक्कांच्या लक्षात आलं. त्यांना राग आला नाही. त्या तिच्या जागी असत्या तर त्यांनीही पोटावरून पदर ओढून घेतला असता. त्यांनी सुमंगलाच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला, मग तो मधूनच मागं घेतला आणि म्हणाल्या, "ऊठ बाई, फार वेळ खाली बसू नकोस."