कौसल्याबाई आणि घेराची पट्टी

इंदोरा वस्तीतल्या कौसल्याबाई गजभिये मशीनवर बसल्या की चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टेप गळ्यात, ओठांत दोन टाचण्या आणि त्या टाचण्या सांभाळून अखंड बडबड. आजवर एकही टाचणी पोटात गेली नाही, हे नवलच म्हणायचं. वय अठ्ठावन्न. आवाज असा की मागच्या गल्लीतल्या बाईला वाटावं, आपल्यालाच ओरडून राहिल्या.

अकरा वर्षांपूर्वी धंतोलीतल्या एका डॉक्टरांची मुलगी, अस्मिता, कॉलेजात शिकत होती तेव्हा त्यांच्याकडे कापड घेऊन आली. म्हणाली, "मावशी, कुर्त्याला एक खिसा लावून द्याल का? बायकांच्या कपड्याला कोणी खिसाच लावत नाही."

"एक काहून? दोन लावू," कौसल्याबाई म्हणाल्या. "माणसाले दोन हात असते, तसे बाईलेही असते ना वं?"

त्या दोन खिशांतून अस्मिताची 'ताठ कॉलर' ही कपड्यांची कंपनी जन्माला आली. आधी कौसल्याबाईंच्या समोरच्या खोलीत, मग जवळच भाड्याच्या हॉलमध्ये, बारा बायका आणि बारा मशीन. कपडे तर सगळेच शिवतात हो, पण 'ताठ कॉलर'चं प्रत्येक कपड्यामागे काहीतरी म्हणणं असायचं. पहिल्या कुर्त्यावर लिहिलं होतं, 'खिसा हा माझा हक्क'. रस्त्यासाठी झाडं पडायला लागली तेव्हा कडुलिंबाच्या पानांच्या नक्षीचे शर्ट निघाले आणि ते घालून सगळ्या जणी झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मतदानाच्या दिवशी दुकानाच्या दाराला पाटी लागायची, 'आधी बोटावरची शाई दाखवा, मग कुर्ता पाहा'. बाजारात बायकांसाठी संडास हवा म्हणून मोर्चा काढला, त्यात कौसल्याबाई सगळ्यात पुढे. भाषण करायला सांगितलं नव्हतं, तरी केलं.

फोनवर लोक शिव्याही लिहून पाठवायचे. कपडे विका, राजकारण कशाला करता, म्हणून. जया नावाची तिथली सगळ्यात लहान शिवणारी ते मोठ्यानं वाचून दाखवायची आणि कौसल्याबाई टाचण्या काढून उत्तर द्यायच्या, "त्यायले म्हणा, कपडा घातल्याबिगर कोणी मत द्यायले जाते काय?"

तर अशा या बाई. आणि अशा बाईनं एका नोव्हेंबरात जे केलं, त्यानं अस्मिताच्या तोंडचं पाणी पळालं.

सव्वीस नोव्हेंबरला, संविधान दिनाला, नवा कुर्ता निघायचा होता. पांढरी खादी आणि तिला निळ्या अक्षरांची विणलेली पट्टी. पट्टीवर तीनच शब्द, पुन्हा पुन्हा: स्वातंत्र्य, समता, बंधुता. अस्मितानं नमुना करून ठेवला होता. पट्टी कुर्त्याच्या खालच्या घेराला, पार टाचांच्या वर, गोल फिरलेली. तिच्या मनात एक कल्पना होती. संविधान नुसतं कागदावर नको, जमिनीपर्यंत उतरलं पाहिजे, म्हणून शब्द जमिनीच्या जवळ. फोटो काढून झाले, जाहिरात गेली, लोकांनी कुर्ते मागवलेसुद्धा. मग अस्मिता प्रदर्शनासाठी चार दिवस पुण्याला गेली.

इकडे कौसल्याबाईंनी पहिला कुर्ता मशीनवर घेतला, पट्टी घेराला लावली आणि पाय थांबवला. पुन्हा लावली, पुन्हा थांबल्या. मग पट्टी सरळ काढली, कात्रीनं कापली, एक तुकडा छातीवर आडवा लावला आणि उरलेली दोन्ही दंडांवर. चार पावलं मागं जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हां. आता कसं?"

"मावशी, अस्मिताताईले विचारा ना," जया म्हणाली.

"विचारलं तं नाही म्हणन. नाही विचारलं तं रागावन. रागावणं परवडते."

चार दिवसांत दीडशे कुर्ते झाले. दीडशेच्या दीडशे पट्ट्या वर.

अस्मिता परत आली ती तीन दिवस उरले असताना, भर दुपारी. सगळ्यांसाठी बाकरवडी आणली होती. पुडा उघडायच्या आधी तिची नजर हँगरवर गेली आणि पुडा तिथंच राहिला.

"मावशी, हे काय आहे?"

"कुर्ते आहे."

"पट्टी खाली होती!"

"खाली होती. वर घेतली."

पोरीनं डोक्यात राख घालून घेतली, आणि तिचं तरी काय चुकलं? लोकांनी एक पाहून मागवलं आणि हाती दुसरंच पडणार. तिनं ती जमिनीची कल्पना तीन तीनदा समजावली. फोटो दाखवले. शेवटी म्हणाली, "उसवावं लागेल. आपण सगळ्या बसू, मीही बसते."

"तू बस," कौसल्याबाई म्हणाल्या. "मी नाही उसवणार. हे शब्द मी कोणाच्या पायात नाही लावणार, बेटा. दुसरी बाई पाहून घे." आणि टेप गळ्यातून काढून मशीनवर ठेवला. तो टेप गळ्यातून निघालेला कोणी पाहिला नव्हता. चहालासुद्धा नाही.

घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. नत्थूभाऊ कन्हानच्या खाणीतून निवृत्त झालेला, शांत माणूस. सोलत असलेलं संत्रं त्यानं बाजूला ठेवलं.

"अकरा वर्षं झाली तिथं. पोरीले आपल्या याच खोलीत तुनं उभं केलं. अन् एका पट्टीपायी सोडून रायली?"

"एका पट्टीपायी नाही. तीन शब्दांपायी."

असं ताडकन म्हणाल्या खऱ्या, पण मग भाकरी थापता थापता डोळ्याला पदर लावला. कोणाला खोटं वाटेल, पण बाईंना त्या हॉलशिवाय करमायचं नाही. रविवारीसुद्धा काहीतरी निमित्त काढून चक्कर मारून यायच्या. उद्यापासून त्या तोंडातल्या टाचण्या घेऊन जायचं कुठे? नत्थूभाऊनं संत्र्याची अर्धी फोड बायकोच्या हातावर ठेवली. त्याला समजूत घालायची एवढी एकच रीत ठाऊक होती.

सकाळी बाई आपली कात्री आणायला गेल्या. कात्री स्वतःची होती, ती सोडायचा प्रश्नच नव्हता. दारात पाय ठेवतात तर जया हातात 'ताठ कॉलर'ची पिशवी घेऊन उभी. दुकानातून गिऱ्हाइकाला कपडे भरून देतात ती. तिच्यावर ठसठशीत अक्षरात छापलेलं: 'इथे प्रत्येक हाताला मत आहे'.

जया अस्मिताला म्हणाली, "ताई, हे आपण पाच वर्षांपासून छापून रायलो. दुसऱ्यायले बोटाची शाई विचारतो आपण. आपल्या हॉलमध्ये मतदान कधी झालं?"

अस्मितानं पिशवीकडे पाहिलं, मग कौसल्याबाईंकडे. आपलेच दात अन् आपलेच ओठ! पण पोरगी बेईमान नव्हती. म्हणाली, "ठीक आहे. आज होईल. मी धरून तेरा मतं. जे ठरेल ते."

बिस्किटाचा रिकामा डबा आला. पांढरं बटण म्हणजे पट्टी वर, काळं बटण म्हणजे पट्टी खाली. मूठ झाकून टाकायचं, कोणी कोणाचं पाहायचं नाही. मतदानाआधी दोन्ही बाजूंनी बोलावं असं ठरलं. अस्मिता बोलली, चांगलं बोलली. दोघीतिघींनी माना हलवल्या. जमिनीपर्यंत उतरायचं ही गोष्ट पटण्यासारखीच होती.

कौसल्याबाई उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच आवाज लहान निघाला.

"माया बाप मिलमध्ये होता. त्याले वाचता येत नव्हतं. वस्तीत कार्यक्रम झाला का कोणीतरी संविधानाची उद्देशिका वाचे, तो ऐके. ऐकून ऐकून पाठ केली त्यानं, सगळी. मंग फ्रेम करून आणली, भिंतीवर लावली. रोज सकाळी आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसे. खोली एवढीशी, सात माणसं झोपणारी. पण त्या भिंतीकडे पाय करून त्यानं आम्हाले कधी झोपू नाही दिलं. रात्री लहान लेकरू फिरलं तरी उठून सरळ करे. ज्याले एक अक्षर वाचता येत नव्हतं त्या माणसानं ती अक्षरं अशी जपली. आता मले तं वाचता येते. म्या कशी पायात लावू?"

एवढं बोलून बसल्या. नाक पुसलं.

अंजनाबाई, काजबटणवाल्या, सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि एकेक बटण काढायला लागल्या. काळं. काळं. पांढरं. काळं.

"कोण वं त्या?" कौसल्याबाई उसळल्या. "कोणी टाकलं काळं? समोर या!"

"मावशी, गुप्त मतदान हाय," जया म्हणाली.

"गुप्त असन, पण मले तं सांगा!"

सगळ्या हसल्या, अस्मितासुद्धा. पांढरं, पांढरं, काळं, असं करत करत सहा पांढरी आणि सहा काळी झाली. डब्यात एकच राहिलं. अंजनाबाईंना मोतीबिंदू. त्यांनी बटण उजेडाकडे धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. कौसल्याबाईंनी जयाचा हात एवढा दाबला की ती किंचाळली.

"पांढरं हाय बापा," अंजनाबाई म्हणाल्या.

काय तो गलका! कौसल्याबाईंनी कोणाकडे न पाहता टेप उचलून गळ्यात टाकला. काल राहिलेला बाकरवडीचा पुडा मग फुटला.

अस्मितानं आपला शब्द पाळला. त्याच दुपारी गच्चीवर जयाला कुर्ता घालून नवे फोटो काढले आणि खाली लिहिलं, 'पट्टी खाली होती, आता वर आहे. आमच्या शिवणाऱ्यांनी मतदान घेतलं आणि मी एका मतानं हरले. कोणाला जुनाच हवा असेल तर माफ करा, तो निघणार नाही.' काहींनी नावं ठेवली, काहींनी मागणी परत घेतली. पण ते वाचून नवी मागणी इतकी आली की बायकांना बोलायला फुरसत राहिली नाही, कौसल्याबाई सोडून.

पण अस्मिता मत हरली होती, मन नाही. सव्वीस तारखेला सकाळी संविधान चौकात जाताना रिक्षात तिनं म्हटलंच, "मावशी, खाली असती तर जास्त छान दिसली असती."

"दिसली असती," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी कबूल केलं, याचंच अस्मिताला आश्चर्य वाटलं.

चौकात गर्दी. निळे झेंडे, पांढरे कपडे, शाळांची पोरं, छान थंडी. 'ताठ कॉलर'च्या तेरा जणी नव्या कुर्त्यांत. सगळ्यांनी उभं राहून उद्देशिका म्हटली. त्यानंतर गर्दी हलली तशी एक म्हातारी अस्मितासमोर येऊन थांबली. नरखेडकडची होती, लेकाला धंतोलीच्या दवाखान्यात भरती केलं म्हणून आलेली. हातात डब्याची पिशवी, पायात चप्पल नाही. अस्मिताच्या छातीवरच्या पट्टीकडे बोट करून म्हणाली, "हे काय लिवलं हाय, माय?"

अस्मितानं वाचलं, "स्वातंत्र्य, समता, बंधुता."

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. हात लुगड्याला पुसले. मग एकेका अक्षरावरून बोटं फिरवली, हलक्या हातानं, डावीकडून उजवीकडे, शेवटपर्यंत. आणि ती बोटं कपाळाला लावली. "आत्ता म्हणून रायले होते तेच ना हे?" तिनं विचारलं. अस्मितानं मान हलवली. म्हातारी पिशवी उचलून हळूहळू दवाखान्याच्या दिशेनं गेली.

अस्मिता तशीच उभी. तिनं एकदा आपल्या पायांकडे पाहिलं. कुर्त्याचा घेर सकाळपासून धुळीनं मळला होता. जेव्हा वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते.

कौसल्याबाईंच्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. पण जन्मात पहिल्यांदा त्यांनी ती गिळली.

"मावशी," अस्मिता म्हणाली, "ती काळी बटणं, त्यातलं एक माझं होतं."

कौसल्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चूप राय वं," त्या म्हणाल्या. "गुप्त मतदान असते. सांगू नये."